मुंबईत नवीन आहात? आधी संध्याकाळी सहाचं खाणं ठरवा

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी मुंबईत आलेल्या मुलामुलींचं खाणं पहिल्या दोन-तीन महिन्यांत कसं बदलतं, हे मी बरीच वर्षं जवळून बघत आलेय. लातूरहून आलेला असो की चिपळूणहून, गावी त्याची सकाळची न्याहारी ठरलेली असते, दुपारी घरचं जेवण असतं आणि रात्री आठ-साडेआठला ताट वाढलेलं असतं. इथे आल्यावर न्याहारी गाडी पकडण्याच्या घाईत जाते. दुपारी एकला डबा किंवा कँटीन. त्यानंतरचं पुढचं जेवण थेट रात्री साडेदहाला. मधले साडेनऊ तास चहा, बिस्किटं आणि स्टेशनबाहेरचा वडापाव यांवर निघतात. रात्री मग भुकेपोटी दोन माणसांचं जेवण होतं, लगेच झोप, सकाळी पोट जड, म्हणून पुन्हा न्याहारी नाही.

पित्त, वाढलेला पोटाचा घेर, दुपारी येणारी गुंगी, सतत चहा लागणं या सगळ्या तक्रारींमागे बहुतेकदा हेच वेळापत्रक असतं. त्यामुळे कोणतं तेल वापरावं, भात सोडावा का, असल्या प्रश्नांच्या आधी मी नव्याने आलेल्यांना एकच विचारते: दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्या मध्ये तुम्ही काय खाता? ते एक नीट बसलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप रांगेत येतात. म्हणून हा लेखही तिथूनच पुढे जातो.

पहिली पायरी: आठवडाभर नुसत्या वेळा लिहा

पहिल्या आठवड्यात खाण्यात काहीच बदल करू नका. फोनमध्ये फक्त वेळा टिपा: किती वाजता उठलात, पहिला घास कधी, चहा कधी आणि किती साखरेचा, दुपारचं जेवण, ऑफिसमधून निघाल्याची वेळ, घरी पोचल्याची वेळ, रात्रीचं जेवण, झोप. गाडी कोणती पकडता तेही लिहा, कारण मुंबईत जेवणाची वेळ शेवटी गाडीच ठरवते. बदलापूरहून सीएसएमटीला जाणाऱ्याचा आणि दादरला राहून परळला काम करणाऱ्याचा दिवस सारखा असूच शकत नाही. दोघांना एकच तक्ता देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आठवड्याच्या शेवटी त्या नोंदी बघा आणि कोणत्या दोन खाण्यांमध्ये पाच तासांहून जास्त अंतर पडतंय ते शोधा. बहुतेकांना ते संध्याकाळीच सापडेल. रात्रपाळी करणाऱ्यांना ते पहाटे सापडतं. उपाय दोघांना एकच, फक्त घड्याळाचा काटा वेगळा.

दुसरी पायरी: सहाचं खाणं, निघायच्या आधी

हे खाणं ऑफिस किंवा कॉलेज सोडण्याच्या आधी, बसून खायचं. गाडीत खाऊ म्हणून ठेवलं तर ते होत नाही. संध्याकाळच्या विरार किंवा कर्जत फास्टमध्ये हात खाली घेण्याइतकी जागा मिळाली तरी पुष्कळ. साडेपाच ते साडेसहाच्या मधली एक वेळ पक्की करा आणि फोनला गजर लावा.

काय खायचं? पोट भरेल, पण रात्रीची भूक मारणार नाही असं. त्यात प्रथिनं हवीत, कारण त्यांनी भूक जास्त वेळ थोपते. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं हा सगळ्यात सोपा प्रकार, आणि केळेवाला प्रत्येक स्टेशनबाहेर असतोच. शेंगदाण्यांत वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिनं असतात. ३० ग्रॅम दाण्यांतून सात ग्रॅमच्या आसपास मिळतात. अंडी खात असाल तर सकाळी दोन उकडून डब्यात टाका, त्यांतून बारा ग्रॅम मिळतील. सोबत काकडी किंवा गाजर. फुटाणे आणि गूळ, सातूचं पीठ ताकात कालवून, राजगिऱ्याचा लाडू आणि कपभर दूध, दुपारच्या डब्यातली एक पोळी आणि उसळ बाजूला काढून ठेवलेली, यातलं काहीही चालेल. कुरमुरे-चिवड्याने मात्र भागत नाही. तोंड चालू राहतं, पण तासाभरात पुन्हा भूक लागते.

रोज नवा विचार करावा लागला तर ही सवय पंधरा दिवसांत मोडते. म्हणून रविवारी महिन्याचे नाही, फक्त आठवड्याचे दाणे आणि फुटाणे आणा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुंबईची हवा इतकी दमट की उघड्या पिशवीतले फुटाणे दोन दिवसांत मऊ पडतात आणि दाण्यांना खवट वास येतो. बुरशी आलेले, काळे पडलेले किंवा कडू लागणारे दाणे निघाले तर ते निवडून बाकीचे खाऊ नका, सगळे टाकून द्या. त्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही आणि ते यकृताला घातक असतं. डब्याचा एक भाग ऑफिसच्या खणात राहू द्या.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला जाणवेल की स्टेशनबाहेर तळणीचा वास आला तरी पाय तिकडे वळत नाहीत. इच्छाशक्ती वाढली म्हणून हे घडत नाही, पोटात काहीतरी आहे म्हणून घडतं. आणि खरा फायदा घरी पोचल्यावर दिसतो. रात्री दहाला दोन पोळ्या आणि भाजीवर समाधान होतं, कारण अर्धं जेवण तुम्ही सहालाच केलेलं असतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाण्याच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषधाची मात्रा त्या वेळांवर बेतलेली असते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिनं किती घ्यायची तेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.

तिसरी पायरी: डबा कुठला लावायचा

स्वतः स्वयंपाक करणं जमलं तर उत्तम, पण कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्याला गॅस मिळेलच असं नाही. मग खानावळ, घरगुती डबा किंवा पोळी-भाजी केंद्र. मुंबईत ही सोय जितकी चांगली आहे तितकी मला दुसऱ्या कुठल्या शहरात दिसलेली नाही. गल्लोगल्ली महिला बचत गटांची पोळी-भाजी केंद्रं आहेत. घर मुंबईतच असेल तर डबेवाल्यांची व्यवस्था आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेली ही सेवा घरचं गरम जेवण ऑफिसच्या दारात आणून देते.

डबा लावताना महिन्याचे पैसे आधी देऊ नका. तीन-चार दिवस सुट्टा डबा घ्या आणि दोन गोष्टी बघा. पहिली, वरण. चमचा घालून बघा, डाळ लागते की नुसतं पिवळं पाणी? बहुतेक स्वस्त डब्यांत पहिली काटकसर डाळीवर होते. दुसरी, भाजीवरचं तेल. डबा अर्धा तास तसाच ठेवला आणि भाजीच्या कडेला तेलाचा थर जमला, तर ती भाजी रोज खाण्याजोगी नाही. काकूंना सांगितलं तर बऱ्याच जणी तेल कमी करून देतात, नीट विचारा. “काकू, आठवड्यातून तीनदा उसळ आणि दोनदा पालेभाजी मिळेल का?” असं विचारलं की त्यांनाही बरं वाटतं, कारण नाहीतर सगळे पोरगे बटाट्याचीच भाजी मागतात.

प्रथिनांचा हिशेब एकदा समजून घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. चार पोळ्यांतून बारा ग्रॅम आले, ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून नऊ-दहा, पेलाभर दुधातून सहा, घट्ट वाटीभर वरणातून सहा-सात, सहाच्या खाण्यातून सात ते बारा. भातातून थोडी भर. झालं. प्रथिनांची पावडर विकत आणण्याआधी ही बेरीज करून बघा, बहुतेकांना तिची गरज पडणार नाही. पण डबा पातळ वरण आणि बटाटाभाजीचा असेल तर हीच बेरीज २५ वर अडकते.

खोलीवर इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक कुकर असेल तर मोड आलेली कडधान्यं शिका. मटकी, मूग, चवळी, मसूर सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा. मुंबईच्या उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात. पावसाळ्यात मात्र तीच मोट चिकट होऊन आंबूस वास मारते, त्या दिवसांत थोडे मोड दिसले की लगेच फ्रिजमध्ये टाका आणि वाफवूनच खा. कोकणातल्यांना कुळथाचं पिठलं सांगायला नको; बाकीच्यांनी ते एकदा करून बघाच, दहा मिनिटांत होतं आणि भाताबरोबर पोटभर जेवण होतं.

भाजी संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या बाजारात घ्या. दादर पश्चिमेला, कल्याणला, बोरिवलीला, जिथे उतरता तिथे. एकट्या माणसाने पाव किलोच्या वर काही घेऊ नये, तिसऱ्या दिवशी सगळं सडतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या ताटाचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या आणि फळांचा दाखवलाय; भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम. डब्यातल्या एका वाटीने ते होत नाही. म्हणून मी सगळ्यांना दोन भर घालायला सांगते: दुपारी डब्याबरोबर एक काकडी, टोमॅटो किंवा मुळा, आणि रात्री घरी एक भाजी जास्त. मेथी-शेपू निवडायचा कंटाळा येत असेल तर लाल माठ घ्या, तो धुऊन चिरला की झालं. फळांत पेरू, पपई, केळं, चिकू हे वर्षाचा मोठा भाग मिळतं आणि परवडतं. परदेशी सफरचंदावाचून तुमचं काही अडणार नाही.

मासे खाणाऱ्यांना मुंबई म्हणजे नशीबच. पापलेट-सुरमईच्या मागे धावू नका. बांगडा आणि तारली स्वस्त असतात आणि हृदयाला उपयोगी अशी ओमेगा-३ मेदाम्लं त्यांत भरपूर असतात. कल्ले लाल आणि डोळे पाणीदार आहेत का ते कोळणीसमोरच बघा, “मावशी, कल्ला उघडून दाखवा” म्हटलं तर कोणी रागवत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, त्या काळात बाजारात बरंचसं बर्फातलं किंवा खाडीचं येतं. सुकट आणि सुके बोंबील तेव्हा कामी येतात, पण त्यांत मीठ फार. दोन पाण्यांतून धुऊन घ्या आणि कालवणात वेगळं मीठ चवीपुरतंच टाका.

चौथी पायरी: सकाळ सोपी करा

सकाळी मोठा नाश्ता जमत नसेल तर त्याचं दडपण घेऊ नका. उठल्यापासून दोन-अडीच तासांत काहीतरी पोटात गेलं पाहिजे, एवढंच. रात्री नाचणीचं सत्त्व किंवा भिजवलेले मूग तयार ठेवले तर पाच मिनिटांत होतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त. कांदेपोहे करत असाल तर त्यात वाटाणे आणि दाणे सढळ हाताने घाला. ऑफिसजवळच्या उडप्याकडे खायचं असेल तर इडली-सांबार घ्या. मेदूवडा आठवड्यातून एखाद्या दिवशी.

चहाचा हिशेब

हे वेगळं सांगते, कारण चहाला कोणी खाण्यात धरत नाही. ऑफिसच्या मशीनचे दोन, टपरीवरचे दोन, घरचा एक असे पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे ४० ते ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवलीत तर आणखी चांगलं. साध्या हिशेबात हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. तुमची ही मर्यादा नुसत्या चहात दुपारपर्यंत संपते, गोड पदार्थाला हात न लावता.

चहा सोडा असं मी कधीच सांगत नाही, टपरीवरच्या चहाभोवतीच या शहरात ओळखी होतात. दोन चमच्यांवरून दीडवर या, पंधरा दिवसांनी एकवर. टपरीवाल्याला “भाऊ, साखर कमी” रोज सांगितलं की आठवड्याने तो न सांगता देतो. आणि जेवणाच्या आधी नि नंतर तासभर चहा टाळा. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. मुलींमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे, त्यांनी हा नियम पक्का पाळावा. उलट जेवणात लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं.

बाहेरचं खाणं

वडापाव, मिसळ, भेळ यांच्यावर राग धरू नका. आठवड्यातून किती वेळा, आणि उपाशीपोटी की भरल्यापोटी, हे बघा. वडापाव हवा असेल तर तो गरम, समोर तळलेला घ्या. कढईतलं तेल काळपट झालेलं, त्याला फेस येतोय, धूर होतोय असं दिसलं तर त्या दिवशी पुढे चला. तेच तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात अपायकारक घटक साठत जातात, आणि म्हणूनच अन्न सुरक्षा नियमांत वापरलेल्या तेलाला मर्यादा घालून दिलेली आहे. सुकी भेळ, उकडलेल्या शेंगा, भाजलेलं कणीस हे सगळे रस्त्यावरचेच पदार्थ आहेत आणि त्यांतलं कणीस तर पावसाळ्यात सहाच्या खाण्याला छान. थाळी घेतलीत तर आधी उसळ आणि कोशिंबीर संपवा, भात शेवटी. पापड-लोणचं दोन्ही घेऊ नका. दिवसभराच्या मिठाची शिफारस पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर आहे, आणि बाहेरच्या एकाच जेवणात त्यातलं बरंचसं जातं.

पाणी, घाम आणि एक अवघड गोष्ट

मुंबईला तानसा, मोडकसागर, भातसा, दोन्ही वैतरणा, विहार आणि तुळशी अशा सात तलावांतून पाणी येतं आणि त्यातलं बहुतेक भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं. तिथून निघणारं पाणी चांगलं असतं. बिघडतं ते वाटेतल्या जुन्या गळक्या नळांत आणि इमारतीच्या न धुतलेल्या टाकीत. म्हणून खोली घेताना टाकी शेवटची कधी धुतली ते सोसायटीत विचारा, आणि पावसाळ्याचे चार महिने पाणी उकळूनच प्या.

घाटावरून किंवा विदर्भातून आलेल्यांना इथला घाम चकवतो. ऊन नागपूरइतकं कडक नसतं, पण हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही आणि अंग गार होत नाही. गर्दीच्या डब्यात तासभर उभं राहिलं की बरंच पाणी आणि मीठ जातं. पातळ ताक, साखर कमी घातलेलं कोकम सरबत, नारळपाणी हे कोल्ड्रिंकपेक्षा कधीही बरं. जुलाब झाले तर ओआरएसची पुडी घरात हवी. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवा, अंदाजाने अर्धी-अर्धी नको.

अवघड गोष्ट अशी की अनेक मुली बाहेर पडल्यावर पाणी पितच नाहीत, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. यासाठीच मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली. प्रश्न खरा आहे, पण दिवसभर तहान मारल्याने लघवीचा संसर्ग होतो, डोकं दुखतं. रोजच्या वाटेवरची त्यातल्या त्यात स्वच्छ ठिकाणं पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा: एखादं मोठं स्टेशन, मॉल, ओळखीचं हॉटेल. ऑफिसात पोचल्यावर दोन पेले आणि दुपारी दोन पेले भरपूर प्या, आणि निघण्याआधी स्वच्छतागृहात जाऊनच निघा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

पावसाळ्याचे वेगळे नियम

गुडघाभर पाण्यातून चालत घरी जाणं इथे दरवर्षी कधी ना कधी होतंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने शहराला चांगलंच हैराण केलं होतं. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून, अगदी भेगेतूनही, शरीरात जातात. अशा पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवा, आणि ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषध घ्यायचं का ते विचारा. हा सल्ला महापालिका दर पावसाळ्यात देते आणि लोक तो दर पावसाळ्यात विसरतात. ताप येईपर्यंत थांबू नका.

ताप आलाच तर तो अंगावर काढू नका. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो तिन्ही इथे पावसाळ्यात असतात आणि सुरुवातीला सारखेच दिसतात, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. डेंग्यूची शंका असेल तर अंगदुखीसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. खिडकीतल्या कुंडीखालची बशी आणि कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाका, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो आणि दिवसा चावतो.

खाण्यात कापून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी, बर्फाचे गोळे आणि कच्ची कोशिंबीर या दिवसांत बंद. पण पावसाळा नुसता बंदीचा नाही. वसई, पालघर, शहापूरकडच्या आदिवासी बाया स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसतात. त्यात टाकळा, फोडशी, कुर्डू, करटोली या रानभाज्या असतात. वर्षाचे जेमतेम दोन महिने मिळतात. कशा करायच्या ते त्यांनाच विचारा, त्या प्रेमाने सांगतात. शेवळं मात्र घशाला खाजतात, ती काकड नावाच्या आंबट रानफळांबरोबर शिजवायची असतात. पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून शिकल्याशिवाय करू नका.

चालणं

प्रौढांनी आठवड्यात निदान १५० मिनिटं दमसास लागेल असं चालावं किंवा तितक्या जोराचं काहीतरी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुंबईकराची यातली निम्मी मिनिटं प्रवासात निघू शकतात, पण भरभर चाललात तरच. शेअर रिक्षाची रांग पंधरा मिनिटांची आणि घर वीस मिनिटांवर असेल तर चालत जा. पुलावर सरकता जिना असला तरी पायऱ्या घ्या. आधीच्या स्टेशनवर उतरून चालण्याचा सल्ला मी देत नाही. एकदा मिळालेली जागा सोडायला कोणी तयार होत नाही आणि तो सल्ला कागदावरच राहतो.

उरलेली मिनिटं सुट्टीच्या दिवशी. शिवाजी पार्कचा कट्टा, साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा मरीन ड्राइव्ह, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, ठाण्याची तलावपाळी, जे जवळ असेल ते. आठवड्यातून दोनदा खोलीतच उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं असं वीस मिनिटं करा. नुसत्या चालण्याने स्नायू बळकट राहत नाहीत, आणि तिशीनंतर ते हळूहळू कमी होत जातात.

झोप गाडीवरून उलटी मोजा

सकाळची गाडी ७.१२ ची, घरातून निघायचं ६.५० ला, म्हणजे उठायचं पावणेसहाला. सात तास झोप हवी तर पावणेअकराला दिवा बंद. झोपण्याच्या दोन तास आधी जेवण व्हायला हवं, म्हणजे पावणेनऊ. पण तुम्ही घरी पोचता साडेनऊला. हे गणित जुळतच नाही, आणि म्हणूनच मी सहाच्या खाण्याचा इतका आग्रह धरते. ते झालं असेल तर साडेनऊला वाटीभर मुगाची खिचडी आणि कढी, किंवा एक भाकरी आणि पालेभाजी पुरते. पावणेअकराला आडवं झाल्यावर ती छातीशी येत नाही. दोन तासांचा नियम सव्वा तासावर आला तरी हलक्या जेवणाला तो चालतो. फोन दुसऱ्या खाटेच्या बाजूला चार्जिंगला लावा. सहा जणांच्या खोलीत दिवा कोणाचा तरी चालूच असतो, तेव्हा डोळ्यांवर बांधायची पट्टी आणि कानात कापूस, यात लाजण्यासारखं काही नाही.

वर्षातून एकदा काय तपासायचं

पंचविशीतल्यांना तपासणी म्हटलं की हसू येतं. पण आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आताच सुरू करा. कमरेचा घेर शिंप्याच्या टेपने घरीच मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला तर काळजी घ्यायची वेळ आली, वजन नेहमीचंच दिसत असलं तरी. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था आणि १२६ किंवा त्याहून वर पुन्हा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ५.७ च्या आत असावी, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. रक्तदाब १४०/९० च्या वर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी आला तर डॉक्टरांकडे जा. शाकाहारी असाल तर बी-१२, आणि दिवसभर एसीत बसत असाल तर ड जीवनसत्त्वही बघून घ्या. मुलींनी हिमोग्लोबिन.

यासाठी महागडं पॅकेज घेण्याची गरज नाही. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये आणि जवळच्या आरोग्य केंद्रात आधी चौकशी करा, पुढची तपासणी लागली तर केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. तिथे केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते, तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकूनच जा. मिळालेले सगळे कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावा, त्यांचे फोटो काढून घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा. खोली बदलताना कागद हरवतात, आणि पुढच्या वर्षी डॉक्टर पहिलं विचारतात ते मागच्या वर्षीचे आकडे.